आईला मानवेल अशी हवा

ज्या वर्षी माझ्या भाचीला, सुलेखाला, जुळी झाली, त्या वर्षी, म्हणजे २०१४ साली, उत्तर युरोपाची हवा फारच चांगली होती.

हवा माणसाच्या हातात नसते, असं लोक म्हणतात. ते वरवर पाहणाऱ्यांचं मत आहे. मी बाराव्या वर्षी हर्णैला गलबतावर चढलो आणि सव्विसाव्या वर्षी हॅम्बर्गला मालवाहू बोटीवरून उतरलो, तो इथेच राहिलो. हवेशी माझा संबंध जुना. तरी ती नक्की कशावर ठरते हे कळायला मला सत्तरी उलटावी लागली. हवा घरातल्या गरजेवर ठरते.

पुरावा देतो.

माझी धाकटी बहीण स्नेहलता वोल्फ्सबुर्गला राहायची. नवरा, कुमार, मोटारींच्या कारखान्यात फिटर. ती इस्पितळात लहान मुलांच्या वॉर्डात नर्स. (मला अक्षरं तिनेच शिकवली, मी चव्वेचाळीस वर्षांचा असताना, तिच्या स्वयंपाकघरात. तेव्हा या लिखाणात काही खुपलं तर बोल तिला लावावा.) कुमार २०११ साली गेला. दोन वर्षांनी ती निवृत्त झाली. मुलं तीन, शहरंही तीन: विवेक हॅम्बर्गला, सुलेखा कोपनहेगनला, हृषिकेश स्टॉकहोमला. तिघंही शिकलेली, प्रेमळ आणि हवामानाच्या बाबतीत विलक्षण जागरूक. (हा गुण कुठून आला माहीत नाही. कुमार छत्रीसुद्धा विसरायचा.)

आता एक बाई निवृत्त झाली आहे, धडधाकट आहे, तान्ही मुलं हाताळायचा तिला चाळीस वर्षांचा अनुभव आहे, स्वयंपाक करते, पगार मागत नाही. अशा वेळी ती कुठल्या हवेत राहते याची काळजी मुलांना वाटणारच. कुटुंबाच्या ग्रुपवर रोज सकाळी हवा येऊ लागली.

विवेकची अन्वी तीन वर्षांची होती. तो लिहायचा, "आई, इथला पाऊस म्हणजे नुसता शिडकावा गं. छत्रीसुद्धा लागत नाही."

सुलेखा लिहायची, "आई, इकडचा वारा म्हणजे औषध! डॅनिश लोक बाळांना मुद्दाम बाहेर झोपवतात. फुप्फुसं एकदम साफ."

पुढच्या वर्षी हृषिकेशला वेदांग झाला आणि स्टॉकहोमची हवासुद्धा सुधारली. "उणे दहा नुसतं आकड्यात असतं, आई. कोरडी थंडी लागतच नाही."

"हो का? मग लोकरीचे मोजे इथेच ठेवते," असं उत्तर लिहून स्नेहलता मोजे बॅगेत भरायची.

२०१४ ते २०२१ या आठ वर्षांत (एकूण दिवस दोन हजार नऊशे बावीस) ती स्वतःच्या घरी तीनशे चाळीस दिवस राहिली. उरलेले दिवस ती चांगल्या हवेत होती.

मग नातवंडं मोठी झाली, शाळेत जाऊ लागली. हवेचे निरोप थोडे विरळ झाले, पण हवा चांगलीच होती असं मी धरून चालतो. वाईट झाली असती तर कोणीतरी कळवलं असतं.

२०२२च्या ऑक्टोबरात स्नेहलता तळघराच्या जिन्यावरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, हाताला रोलाटर आला, म्हणजे चाकांचा आधार, आणि सरकारकडून फ्लेगेग्राड तीन मिळाला. (इथे माणूस किती अंश परावलंबी आहे ते सरकार तपासून ठरवतं. हासुद्धा एक प्रकारचा हवामानाचा अंदाजच.) डॉक्टर म्हणाले, आता एकटीने राहायचं नाही.

त्याच आठवड्यात तिन्ही शहरांची हवा बिघडली. तिन्ही देशांच्या हवामानखात्यांनी याची दखल घेतली नाही, पण ग्रुपवर बातमी ताबडतोब आली.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी तिघंही वोल्फ्सबुर्गला जमली. विवेकबरोबर अन्वी आणि मीही. प्रश्न एकच होता: आईला कुठली हवा मानवेल. स्वयंपाकघरातल्या टेबलावर विवेकने लॅपटॉप उघडला. त्यात कोष्टक होतं. पाऊस, वारा, आर्द्रता, उजेडाचे तास, निसरड्या दिवसांची संख्या. असं तयारीचं काम मी बंदरावरच्या पन्नास वर्षांत पाहिलं नव्हतं. स्नेहलता टेबलाच्या टोकाला बसून वाल सोलत होती.

"हॅम्बर्ग," विवेक म्हणाला. "वर्षाला सातशे सत्तर मिलिमीटर. आणि सगळा दमटपणा सांध्यांत जातो. आल्झो, म्हणजे मी तर आईला ही शिक्षा देणार नाही."

"पण तुझ्याकडे निदान वारा नाही," सुलेखा म्हणाली. "आमच्याकडे रोलाटर उडून जाईल. विथ आई."

"वारा नाही? आल्स्टर तळ्याच्या काठावर ये एकदा! त्यापेक्षा हृषीकडे बघ. स्टॉकहोमला वर्षभराचं ऊन आमच्यापेक्षा जास्त आहे. गेनाऊ, अगदी नेमके आकडे आहेत माझ्याकडे."

"अरे, ते ऊन सगळं जूनमध्ये," हृषिकेश म्हणाला. "जूनमध्ये रात्री अकरालाही उजेड. आईला झोप लागेल का? आणि डिसेंबरात सहा तास उजेड, बाकी बर्फ. ती परत पडली तर?"

"कोरडी थंडी लागत नाही ना पण?" मी विचारलं.

"मामा," तो गंभीरपणे म्हणाला, "क्लायमेट चेंज."

इतर घरांत भावंडं आपलंच खरं करतात, एकमेकांच्या घराला नावं ठेवतात. इथे प्रत्येक जण स्वतःकडे कमीपणा घेऊन दुसऱ्याच्या शहराचं कौतुक करत होता. मला भरून आलं. आकडे तेच होते, एका मिलिमीटरचा फरक नव्हता. फक्त समजूत वाढली होती. आमच्याकडे म्हण आहे, वारा वाहील तशी पाठ द्यावी. पण पाठ असेल तसा वारा वाहवणं, याला शिक्षणच लागतं.

मग विवेकने माझ्याकडे पाहिलं. "मामा, तुमचं घर तळमजल्यावर आहे ना? दोन खोल्या?"

इथे एक शास्त्रीय खुलासा केला पाहिजे. हॅम्बर्गला दोन हवा आहेत: विवेकची आणि माझी. माझं घर बंदराला लागून आहे. एका खोलीत मी झोपतो, दुसरीत माझी सायकल असते. ती खोली फार दमट. मी तसं स्पष्ट सांगितलं आणि सगळ्यांनी समजून घेतलं. (सायकल त्या खोलीत अठरा वर्षं आहे. तिला अजून गंज चढलेला नाही. ती चांगल्या बनावटीची आहे.)

स्नेहलताने वालाचं साल ताटलीत टाकलं. "दादा, बरी आहे ना रे तुझी सायकल?"

"बरी आहे."

"जप हो तिला. या वयात पडायला नको."

यावर कोणी हसलं नाही. अन्वी मात्र अकरा वर्षांची होती आणि तिला या विषयाचं शिक्षण नव्हतं. ती जर्मनमध्येच म्हणाली, "आजीला कोणती हवा आवडते ते कुणीच विचारलं नाही."

हे खरं होतं. कोष्टकात तसा रकानाच नव्हता. विवेकने लगेच एक घातला. (यावरून कुटुंबाची नियत दिसून येते.)

"आई, तुला कशी हवा आवडते?"

"मला?" स्नेहलता म्हणाली. "मला पाऊस आवडतो. पाऊस असला की माणसं घरी असतात."

विवेकने रकान्यात लिहिलं: पाऊस, पसंत.

"पापा, पुढचं राहिलं," अन्वी म्हणाली. "तिने कारण सांगितलं."

"कारणासाठी जागा नाहीये, शाट्स," विवेक म्हणाला, आणि खरोखरच नव्हती.

आता हिशेब सोपा झाला. जास्तीत जास्त पाऊस, थंडी बेताची, वारा सोसवेल इतका. हृषिकेशने शोधलं आणि दोन मिनिटांत उत्तर आलं: नॉर्वेतलं बर्गन. वर्षाला दोन हजारांच्या वर मिलिमीटर, दर तीन दिवसांतले दोन दिवस पाऊस.

"बर्गनला आपलं कोण आहे?" मी विचारलं.

"कोणीच नाही," सुलेखा म्हणाली आणि तिचा चेहरा कित्येक दिवसांत पहिल्यांदा मोकळा झाला. "म्हणजे कोणावरच अन्याय नाही."

"तिघांनाही लांब," हृषिकेश म्हणाला.

"फेअर," विवेक म्हणाला.

ठराव एकमताने झाला. स्नेहलता मतदानात नव्हती, ती वालांना फोडणी द्यायला उठली होती. त्या दिवशीची उसळ फार छान झाली होती. सुलेखाने डबा भरून नेला.

बर्गनच्या एका वृद्धाश्रमाला पत्र गेलं. त्यात पावसाची आकडेवारी जोडली होती. सात आठवड्यांनी उत्तर आलं: अर्ज मिळाला, अर्जदार बाईंचे गावात कोणी नातेवाईक आहेत का ते कळवावं. हा प्रश्न तिघांनाही विचित्र वाटला. नातेवाईक असते तर अर्ज कशाला केला असता? तसं सौजन्याने लिहून पाठवलं. उत्तराची वाट पाहणं अजून चालू आहे.

तोपर्यंत तात्पुरती सोय म्हणून स्नेहलताला वोल्फ्सबुर्गच्याच एका हाइममध्ये, म्हणजे वृद्धाश्रमात, ठेवलं. खोली स्वच्छ, खिडकी मागच्या भिंतीकडे. आतली हवा बाराही महिने तेवीस अंश. तक्रारीला जागा नव्हती. बाहेर पाऊस आहे की ऊन, ते मात्र त्या खिडकीतून कळायचं नाही. ही उणीव मुलांनी भरून काढली. रोज सकाळी तिच्या फोनवर तिन्ही शहरांची हवा चित्रांसह यायची. तिघांनी यात एक दिवसही खंड पाडला नाही.

ही तात्पुरती सोय सतरा महिने चालली. मी चार वेळा गेलो. हॅम्बर्गहून दोन तासांचाच प्रवास, पण बाकीच्या वेळी अंदाज चांगला नसायचा, किंवा फारच चांगला असायचा.

चौथ्या वेळी, एप्रिलमध्ये, मी भिजून पोचलो. स्नेहलता माझ्या कोटाकडे पाहून म्हणाली, "सगळीकडे आहे का रे पाऊस?"

मी फोनवर पाहिलं. "तिन्हीकडे आहे."

"मग आज उचलतील," ती म्हणाली आणि तिने फोन लावला. विवेकने उचलला. सुलेखाने उचलला. हृषिकेशने तर दुसऱ्याच घंटेला उचलला. तासभर बोलणं झालं. पन्नास वर्षं समुद्रावर आणि बंदरात काढून माझा अंदाज इतका बरोबर आला नव्हता.

मे महिन्यात येशूच्या स्वर्गारोहणाची सुट्टी असते, नेहमी गुरुवारी, तिन्ही देशांत. त्या दिवशी ऊन असं पडलं होतं की जणू देवानेच धाडलंय. विवेक मुलीला घेऊन तळ्यावर होता, सुलेखा समुद्रकाठी, हृषिकेश मित्राच्या होडीवर. मी एल्ब नदीच्या काठी बाकावर बसून सॉसेज खात होतो. माझा फोन कोटाच्या खिशात होता आणि कोट घरी, सायकलच्या खोलीत, खुंटीला. हवाच तशी होती.

हाइमच्या नर्सने नंतर स्नेहलताचा फोन आम्हाला दिला. पावणेदोन ते सव्वादोनच्या दरम्यान चार नंबर लावलेले होते. चौथा माझा. त्या दिवशी सकाळी आलेली तिन्ही शहरांची चित्रं तिने पाहिलेली होती. तिन्हींत पिवळा सूर्य. तरीही तिने फोन लावून पाहिला, याचं मला राहून राहून आश्चर्य वाटतं.

तुम्ही हे घरात बसून वाचता आहात, म्हणजे तुमच्याकडे आज हवा खराब असणार. तुमच्या आईच्या गावी या घटकेला किती अंश आहे तेही तुम्हाला पाठ असेल. माझ्या भाच्यांनाही असायचं.

माझी बहीण स्नेहलता कुमार मयेकर गुरुवारी, ९ मे २०२४ रोजी, दुपारी अडीच वाजता वारली.