चंदेरी जाकिटातला बाप

शनिवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी मी माझी आठ महिन्यांची मुलगी एका परक्या माणसाच्या हातात दिली, आणि वर त्यालाच दरडावलं, "ओली झाली तर तुम्हीच बदला. मला वेळ नाही."

वेळ इतकी नक्की सांगता येते, कारण बाळीचं सगळं मी वहीत लिहून ठेवते. दूध, झोप, शिंका. (शिंकांचा रकाना वेगळा आहे.) चार दहाला दूध द्यायचं होतं आणि थर्मासमधलं पाणी पाहते तर कोमट. गरम पाणी मिळणार चहाच्या टपरीवर, मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला. वाटेत कपाटाएवढे स्पीकर. बाळीच्या कानांना त्रास नको म्हणून मी एवढंच ठरवलं, की दोन मिनिटं हिला हिच्या बापाकडे द्यावी.

बाप स्टेजमागे उभाच होता. कुरळ्या केसांचा टोप, काळा चष्मा, लोंबती मिशी, चंदेरी जाकीट. मी बाळी दिली, त्याने घेतली, मान हलवली. मी पळाले.

आता हा काय प्रकार होता ते सांगते. आमचे हे दिवसभर पाण्याचे मीटर दुरुस्त करतात आणि संध्याकाळी गिटार वाजवतात. बेकरीतला एक, शाळेतला शिपाई, एक कंपाउंडर आणि हे, अशा चौघांचा बँड आहे. स्वतःचं एकही गाणं नाही. आमच्या सासऱ्यांच्या तरुणपणी एक बँड फार गाजला होता, त्याचीच गाणी, त्याचेच कपडे, त्याचेच केस. अशी नक्कल करणारे हौशी बँड पुष्कळ आहेत म्हणे. त्या सगळ्यांनी मिळून शनिवार-रविवार दोन दिवसांचा मेळा भरवला. अकरा बँड आले. त्यातले सहा त्या एकाच बँडचे भक्त. मूळचा गिटारवाला चंदेरी जाकीट घालायचा, म्हणून सहाही गिटारवाले चंदेरी जाकिटात.

आणि ती सहाही जाकिटं मीच शिवलेली.

(आत्ताच हसू नका, पुढे जागा आहे.) आधी ह्यांच्यापुरतं एक शिवलं होतं, मोटारीवर घालतात त्या कव्हरच्या कापडाचं. त्याचा फोटो बाकीच्यांनी पाहिला आणि ऑर्डरी आल्या. एकच तागा, एकच बेत. माझं शिक्षण सातवीपर्यंतचं, पण कात्री हातात असली की मी कुणाला ऐकत नाही. "सहा जाकिटं शेजारी ठेवा, कुठलं कुणाचं ते ओळखून दाखवा," असं मी आठवडाभर जो भेटेल त्याला ऐकवत होते.

ओळखता आलं नाहीच.

चार सतराला गरम पाणी घेऊन परत आले. हे एका खोक्यावर बसून गिटारला तार लावत होते. मांडी रिकामी.

"बाळी कुठाय?"

"तुझ्याकडे."

"अहो, आत्ता तुमच्या हातात दिली!"

"माझ्या? मी अर्धा तास झाला या तारेशी झटतोय."

"मग मी दिली कुणाला?"

ह्यांनी चष्मा काढला आणि माझ्याकडे बघतच राहिले. "म्हणजे तू मला ओळखलं नाहीस?"

"अहो, ते भांडण घरी! आधी मुलगी शोधा!"

बाळीच्या बाटलीवर, टोपणावर, दुपट्यावर, थर्मासवर, अगदी खुळखुळ्यावरसुद्धा मी आमचा फोन नंबर लिहिला होता. लिहायचा राहिला तो एकट्या बाळीवर. आणि दुपटं माझ्याच खांद्यावर.

मी मैदानात धावले. बघते तर जिकडेतिकडे चंदेरी! बघायला आलेली मंडळीही हौसेने चकचकीत कागदाची जाकिटं घालून आलेली. मी एकेकाचा खांदा धरून गर्रकन फिरवायला लागले. एक निघाला टक्कल पडलेला आजोबा. एक निघाली बाई. एकाने तर वही काढली आणि माझीच सही मागितली.

सासूबाई पहिल्या रांगेत, दोन बाजूंच्या दोन खुर्च्यांवर पिशव्या ठेवून पहारा देत होत्या.

"आई, तुमच्याकडे बाळी आहे का हो?"

"माझ्याकडे कशी असेल? तू हात लावू देतेस का कुणाला?"

"अहो, मी ती चुकून दुसऱ्याच ह्यांच्याकडे दिली!"

सासूबाई उठल्याच. "दुसरे हे? किती आहेत?"

"सहा!"

शेजारच्या बाईने आपली खुर्ची थोडी लांब सरकवली.

तेवढ्यात स्टेजवरचा बँड संपला आणि यादीवाले काका शिट्टी फुंकत आले. "पुढचा नंबर तुमचा. पाच मिनिटांत सुरू केलं नाहीत तर बाद."

अकरा महिने तालीम केली होती ह्यांनी. बोटांना घट्टे पडलेत. पण हे म्हणाले, "बाद तर बाद. मुलगी मिळाल्याशिवाय गिटारला हात लावणार नाही." मला रडूच फुटलं, आणि रडता रडता एकदम सुचलं.

"लावा," म्हटलं. "गिटारला हात लावा. तिसरं गाणं घ्या!"

तालीम आमच्याच बाहेरच्या खोलीत होते. तिसऱ्या गाण्यात एक जागा आहे, तिथे सगळी वाद्यं गप्पकन थांबतात. मूळ गाण्यात तिथे म्हणे ट्रम्पेट वाजतो. ह्यांच्यात ट्रम्पेटवाला नाही, म्हणून चौघं मनात चार अंक मोजत नुसते उभे राहतात. आणि त्या चार अंकांत आतल्या खोलीतून आमची बाळी ओरडते. रोज. ताप होता तेव्हासुद्धा ओरडली होती. (वहीत नोंद आहे.)

मी स्टेजवर चढले. जन्मात कधी माइक धरला नव्हता. समोर दोन हजार माणसं. पण आईला कसली लाज!

"सगळे गप्प बसा!" मी ओरडले. माझा आवाज त्या कपाटांतून असा निघाला की मीच दचकले. "माझी मुलगी चुकलीय. आता गाणं होईल. गाणं मध्येच थांबेल. थांबलं की टाळी नको, शिट्टी नको. ज्याला खोकला येईल त्याने गिळायचा!"

बेकरीवाल्याने ड्रम सुरू केला. शिपाई गायला. आणि ती जागा आली. सगळं थांबलं.

दोन हजार माणसं, पण टाचणी पडली तरी ऐकू आली असती.

एक.

दोन.

"आऽऽऽऽ!"

फाटकाजवळून! काय तो आवाज! काय तो ताल! दोन हजार माना एकदम वळल्या. गर्दी दुभंगली आणि मधून दुसरे हे चालत आले. कडेवर बाळी, बाळीच्या डोळ्यांवर त्यांचा काळा चष्मा.

"ताई, माफ करा," ते म्हणाले. "मला वाटलं फोटो काढायचाय. सकाळपासून लोक मुलं आणून देतायत, चौदा झाली. तुम्ही काहीतरी बोललात, पण कानात कापसाचे बोळे होते. मी तोंडावर हसू धरून उभाच. शेवटी तुम्हाला शोधत फाटकापर्यंत गेलो."

"आणि हिला हे काय गुंडाळलंय?"

"ओली झाली होती. आमच्या बँडचा झेंडा आहे."

"माझी मुलगी ह्यांच्या झेंड्यात!" आमचे हे कळवळले. पण ऐकतो कोण? लोक खुर्च्यांवर उभे राहून "पुन्हा! पुन्हा!" ओरडत होते. मग पुन्हा झालं. दोन्ही चंदेरी जाकिटं शेजारी शेजारी वाजवायला उभी, मी माइकपाशी बाळी धरून. (तिच्या कानांत त्यांच्याचकडचा कापूस. तेवढं भान मला होतं.) ती जागा आली, बाळीने आरोळी ठोकली, आणि तिच्यामागून दोन हजार माणसांनी! रविवारी लोकांच्या पसंतीची ढाल आम्हालाच मिळाली. बाळीने लगेच ती चाटली. सासूबाई जो भेटेल त्याला सांगत होत्या, "आवाज आमच्या घराण्यातला."

माझंही नाव झालं. रविवारी दिवसभर मी जिथून जाईन तिथले चंदेरी जाकीटवाले हात पाठीमागे घेऊन उभे राहत होते.

पुन्हा घोटाळा नको म्हणून घरी आल्यावर मी ह्यांच्या जाकिटाला लाल कॉलर लावली. लांबूनसुद्धा ओळखू येईल अशी, ठसठशीत. ती बाकीच्या पाचही गिटारवाल्यांना फारच आवडली. "ताई, हात आहे तुमचा," असं एकजण म्हणाला आणि मला काय झालं कोण जाणे. गेल्या आठवड्यात पाचवी लाल कॉलर लावून झाली.

तेव्हा एक विनंती आहे. तुमच्या ओळखीत कुणी चंदेरी जाकीट घालून गिटार वाजवत असेल, तर त्याला एवढं सांगून ठेवा, आणि त्याला पुढे सांगायला सांगा. पुढच्या मेळ्यात एखादी बाई घाईघाईने येऊन हातात मूल देऊन दरडावून गेली, तर ते फोटोसाठी नाही. जागचं हलू नका, दुधाची वेळ वहीत लिहून ठेवा.