हिलाल आप्पाचा जबाब

गल्लीतला कुत्रा अंगावर धावून आला तर माणूस दगड उचलतो, नाहीतर पळतो. आमचा हिलाल आप्पा आधी कुत्र्याला नोटीस देतो. काठी खाली ठेवतो, दोन्ही हात रिकामे दाखवतो आणि आख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात बोलायला लागतो, "देखा रे भो, मी मांगे सरकी ऱ्हायनू. एक पाऊल. दुसरं पाऊल. आते मन्हा मांगे भित शे. माले जागा ऱ्हायनी नई." एवढं ऐकेपर्यंत कुत्र्याचा राग उतरतो. तो खाली बसतो, कान खाजवतो आणि निघून जातो. आप्पा मग काठी उचलतो आणि मला म्हणतो, "नाना, तू साक्षीदार शेस. मी पहिले मारं नई."

मी चौथीत शाळा सोडली. त्यामुळे कायद्यातलं मला काही कळत नाही असं आप्पा धरून चालतो. तो स्वतः सातवी शिकलेला. पण तालुक्याच्या कोर्टात तीस वर्षं होता. काय म्हणून होता ते तो सांगत नाही. शिपाई होता. दाराशी उभा राहून नावं पुकारायचा. आत वकील भांडायचे, ते दारातून ऐकून ऐकून त्याचा निम्मा कायदा पाठ झाला. उरलेला निम्मा दार लावून घेतल्यावर होत असणार, कारण तो त्याला येत नाही.

त्यातही त्याचा जीव स्वसंरक्षणात. अंगावर कुणी आलं तर आपण कधी मारायचं, किती मारायचं, कुठं थांबायचं. शहाण्णव ते एकशे सहा ही कलमं तो पोथीसारखी म्हणायचा. मग सरकारनं कायदाच बदलला. तीच कलमं चौतीस ते चव्वेचाळीस झाली. आप्पा आठ दिवस ओट्यावर आला नाही. आजारी असेल म्हणून मी बघायला गेलो, तर खाटेवर पडून म्हणतो, "नाना, मारनारा तोच शे, मार खानारा बी तोच शे. मंग आकडा कसाले बदला?" बायको गेली तेव्हाही मी त्याला असा पडलेला पाहिला नव्हता. शेवटी त्याच्या पोरानं, संदीपनं, नव्या कायद्याचं मराठी पुस्तक आणून दिलं, तेव्हा तो उठला.

पोलिसांवर त्याचा राग नव्हता, फक्त भरवसा नव्हता. म्हणायचा, "पोलीस येतस. येत नईत असं नई. पन त्या येतीन तोलगुन तू जित्ता ऱ्हावाले जोयजे ना? तेवढा येळना कायदा म्हंजे स्वसंरक्षण." माझं मत याहून साधं आहे. पोलिसाला आपल्या दारात उभं करू नये आणि आपण त्याच्या दारात उभं राहू नये. यावरून आम्ही दोघं वीस वर्षं भांडतो आहोत आणि दोघांपैकी कोणी एक इंचही हललेलं नाही.

संदीप नंदुरबारला एका पतपेढीत नोकरीला. दर रविवारी सकाळी मोटारसायकलवर बायकोला आणि चार वर्षांच्या आरूला घेऊन यायचा, ऊन उतरलं की परत जायचा. आप्पाचा आठवडा म्हणजे तो एक दिवस. बाकीचे सहा दिवस त्याची तयारी. सून एकदा म्हणाली, इथं कुत्री फार आहेत, पोरीला ओट्यावर सोडायची भीती वाटते. सोमवारी आप्पाचा अर्ज ग्रामपंचायतीत. गटारीचा वास येतो म्हणाली, दुसरा अर्ज. पपईच्या ट्रॅक्टरवर कुणीतरी मोठ्यानं गाणी लावली आणि आरू झोपेतून दचकून उठली, तर आप्पा सरळ पोलीस ठाण्यात. अर्ज कशावरचाही असो, खालची ओळ ठरलेली: 'तरी रविवारपूर्वी कार्यवाही व्हावी.'

माझ्या म्हशीवरही अर्ज झाला. 'अर्जदाराचे शेजारी यांची म्हैस रविवारी सकाळी मुद्दाम रस्त्यात शेण टाकते.' मुद्दाम. मी म्हैस हलवली नाही. ती जागा माझ्या आज्यापासून म्हशीची आहे. दोन महिने आमचं बोलणं बंद होतं. त्या दोन महिन्यांत दर रविवारी मी उठायच्या आत शेण उचललेलं असायचं आणि जागा धुतलेली असायची. मी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही.

अर्ज लिहून लिहून त्याला गल्लीत माणूस राहिला नाही. मी एकदा समजावलं, "हिलाल, कोनशी तरी गोड ऱ्हाय." तर म्हणाला, "गल्ली माले भाकर देस का? देख नाना, पोर भ्यायनी, सून कंटाळनी, का संदीप एक रविवार चुकाडी. एक चुकाडा का दोन चुकाडी. मंग संपनं." हे बोलताना तो माझ्याकडे बघत नव्हता.

या उन्हाळ्यात मोबाईलवर गावोगाव एकच गोष्ट फिरत होती. पोरं पळवणारी टोळी आली आहे, पोत्यात घालून नेतात. मला मोबाईल वाचता येत नाही, पण चार माणसांनी सांगितलं की मलाही खरं वाटतं.

त्या रविवारी अकराच्या सुमाराला सातपुड्याकडचा एक माणूस गल्लीत आला. चाळिशीचा असेल, खांद्यावर पोतं. माझ्या ओट्याच्या सावलीत बसला आणि हाताची ओंजळ करून पाणी मागितलं. मी तांब्यातून ओतलं. पाणी पिऊन तो काहीतरी बोलला. डोंगरातली पावरी बोली असावी, मला कळली नाही. समोर आरू खेळत होती. ती जवळ येऊन पोत्याकडे बघत उभी राहिली. त्यानं पोत्यात हात घातला, काहीतरी काढलं आणि तिच्या तळव्यावर ठेवलं. तिनं ते तोंडात टाकलं. पोरीचं तोंड वाकडं झालं, डोळे मिटले, गालावर पाणी आलं आणि ती मान हलवायला लागली.

नेमकी तेव्हाच सून दारात आली. "अहो, या माणसानं काहीतरी चारलं तिला," ती किंचाळली. संदीप धावत आला. पहिली थोबाडीत त्यानं मारली. आणि मी काय केलं? मी म्हणालो, "बांधा त्याले." खोटं कशाला सांगू. ज्याच्या ओंजळीत आत्ता पाणी ओतलं होतं, त्यालाच बांधा म्हणालो.

गल्ली भरायला वेळ लागला नाही. कुणी लाथ मारली, कुणी खेटर. पोतं एकानं ओढून लांब फेकलं. तो माणूस हात जोडून तेच तेच बोलत होता आणि आम्हाला त्यातला एक शब्द कळत नव्हता. संदीप घरात गेला आणि बापाची काठी घेऊन आला.

आप्पा मागच्या पडवीत आमरसाला आंबे पिळत बसला होता. तो तसाच बाहेर आला. कोपरापर्यंत हात पिवळे, त्यावर माशा. मग त्यानं आवाज लावला. कोर्टात पुकारायचा तो. "थांबाऽऽ." मी तो आवाज त्याच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला. खरंच सगळे थांबले. आप्पा त्या माणसाच्या पुढं जाऊन उभा राहिला.

"कलम पस्तीस," तो म्हणाला. "सोतानं आंग वाचाडानं, नईतं दुसरा कोनंबी आंग वाचाडानं. दुसरा कोनंबी. लिखेल शे."

"आप्पा, बाजूले व्हय. पोरचोर शे तो," कुणीतरी ओरडलं.

"पोतामा काय शे ते देखं का कोनी?"

कुणीच पाहिलं नव्हतं. आप्पानं पोत्यापर्यंत जाऊन मूठभर काहीतरी काढलं आणि परत त्या माणसापुढं येऊन सरळ तोंडात कोंबलं. त्याचंही तोंड वाकडं झालं. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मागं दोघं तिघं हसले. "आमचूर शे, कैरीन्या वाळेल फोडी," डोळे मिटूनच तो चावत चावत म्हणाला. "डोंगरमातलं, मोलगीकडनं. आंबट लागनं म्हनीसन पोर रडनी. आते मी बी मरनू का?"

बायांना ते लगेच पटलं. पण उगारलेला हात एवढ्या लवकर खाली येत नाही. संदीपचा चेहरा लाल झाला होता. "तुम्हले नातपेक्षा हाऊ परका जास्त का?" असं म्हणून त्यानं काठी चालवली. ती त्या माणसाच्या डोक्यावर जायची होती. आप्पानं मध्ये हात घातला. वाळलेली तुराटी मोडावी तसा आवाज आला.

गल्ली जशी भरली होती तशी रिकामी झाली. आप्पानं डाव्या हातानं खिशातला मोबाईल काढला, मला नंबर दाबायला लावला आणि दवाखान्याची गाडी मागवली, पोलीसही मागवले. फोन ठेवल्यावर संदीपकडे न बघता म्हणाला, "जाय. पोलीस येवाना पहिले जाय." संदीपनं बायकोला आणि पोरीला मोटारसायकलवर बसवलं. आरू आजोबांना हात हलवत होती. आप्पाचा उजवा हात उचलत नव्हता.

त्या माणसाचं डोकं फुटलं होतं आणि एक डोळा सुजून बंद झाला होता. त्याला दवाखान्याच्या गाडीनं नेलं. जमादार दीड तासानं आला. आप्पाच्या अर्जांमुळे तो आप्पाला चांगला ओळखत होता. खुर्चीवर बसून कागद काढत म्हणाला, "आप्पा, इतके दिवस म्हशीचे अर्ज घेतले. आज खरं काम आहे. सांगा, कोण कोण होतं?"

"चष्मा नव्हता."

चष्मा तेव्हाही त्याच्या नाकावर होता, आत्ताही होता.

"हाताला काय झालं?"

"पडनू. आंबाना साल्टावर पाय पडना."

जमादारानं पेन खाली ठेवलं. "तुमचा मुलगा रविवारी येतो ना? प्रत्येक अर्जात असतं, रविवारपूर्वी कार्यवाही व्हावी."

आप्पानं डाव्या हातानं चष्मा वर सरकवला. मग म्हणाला, "तो येत नई."

"आज आला नव्हता?"

"आज बी नई. कधीच नई. मी वाट देखस, म्हनीसन लिखस."

जमादारानं पडवीतल्या पातेल्याकडे पाहिलं. पाच माणसांना पुरून उरेल एवढा रस होता. "हा एकट्यासाठी?"

"माले आवडस."

जमादारानं लिहून घेतलं. अनोळखी जमाव. मुलगा नंदुरबार येथे राहतो, गावी येत नाही. वाचून दाखवलं. उजव्या हातानं सही होईना, म्हणून सातवी शिकलेल्या माणसानं डाव्या हाताचा अंगठा दिला. मग मला विचारलं. मी म्हैस पाण्यावर नेली होती असं सांगितलं. गल्लीत सगळेच कुठं ना कुठं गेलेले होते.

आप्पा हात गळ्यात बांधून दवाखान्यात गेला, मला सोबत घेऊन. रस्त्यावरचं आमचूर त्यानं एका हातानं वेचून पुन्हा पोत्यात भरलं होतं. त्या माणसाचा भाऊ आला होता. त्यानं पोतं घेतलं आणि मोडक्या मराठीत विचारलं, "मारलं कोणी?" आप्पानं मान खाली घातली. खाटेवरच्या माणसानं आम्हाला पाहून भिंतीकडे तोंड फिरवलं. येताना जीपमध्ये आप्पा एवढंच म्हणाला, "मी वाचाडं बी आनि बुडाडं बी." तो माणूस पुढं बरा होऊन घरी गेला. त्याला मारणारं कागदावर अजून कोणी नाही.

पुढच्या रविवारी संदीप आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मग एका दुपारी त्याचा मला फोन आला. "नाना, आप्पानी मन्हं नाव दिनं का?"

"नई दिनं."

"मंग काय सांगं?"

"सांगं का तू गावले येतच नईस. कधीच."

 तिकडून फोन बंद झाला.

आता आप्पा अर्ज लिहीत नाही. पुस्तक फळीवर आहे. कुत्री त्याच्याच ओट्यावर झोपतात आणि तो त्यांना काही म्हणत नाही. हाताचं प्लास्टर निघालं, पण मूठ नीट वळत नाही. मागच्या रविवारी मी त्याच्या शेजारी जाऊन बसलो. आतून स्टोव्हवर चहाचा वास येत होता, एका कपाचा. मी म्हणालो, "हिलाल, पोऱ्या शे तो तुन्हा. लाजी गयेल व्हई. तू फोन लाव, मी बोलस त्यान्हाशी."

तो रस्त्याकडे बघत बसला. एक मोटारसायकल आली, पुढं निघून गेली.

"नको नाना," तो म्हणाला. "आते तो येवाले बी नको. तो गावले उना तं मन्हा जबाब खोटा पडी."