डुबोव्याची शाळा आणि माझी चिठ्ठी

माणसांना पटवावं तर मीच, असा मला तेविसाव्या वर्षी गाढ विश्वास होता. अमेरिकेत नेब्रास्कातल्या आमच्या डुबोवा या चेक वस्तीच्या गावात मी तेव्हा नवा मास्तर होतो. एकोणीसशे त्रेपन्न साल. नव्या शाळेसाठी कर्जरोखे काढायचे की नाही, यावर मंगळवारी मतदान होतं. मुख्याध्यापिका लिबी वोंड्राबाई सहा वर्षं त्यासाठी दारोदार फिरल्या होत्या. विरोधात होते म्हातारे बोहुमिल झेलेन्का. "कर्ज काढून शाळा म्हणजे नातवंडांच्या गळ्यात धोंडा," हे त्यांचं पालुपद.

"बाई, तुम्ही निश्चिंत राहा," मी म्हणालो. "शाळेचे हाल लोकांना एकदा दाखवतो. आपोआप 'होय' म्हणतील."

मुलांबरोबर मी घरोघर चिठ्ठी धाडली. 'छत गळतंय. खिडक्या निखळल्यात. वर्गांना ऊब देणारी भट्टी धूर ओकते. शनिवारी या आणि आता काय ते तुम्हीच करा.'

करा म्हणजे मतदान करा. मला वाटलं, हे काय सांगायचं?

शनिवारी सकाळी बाहेर बघतो तर चाळीसेक माणसं. शिड्या, करवती, रंगाचे डबे. सगळ्यांत पुढे झेलेन्का, खांद्यावर पत्र्यांची चळत घेऊन.

"मास्तर, चिठ्ठी झकास लिहिलीत," ते म्हणाले. "गळतंय कुठं, दाखवा."

"अहो काका, मला तसं म्हणायचं नव्हतं..."

"लाजता कशाला? शाळा काय तुमच्या एकट्याची आहे? धरा ही शिडी."

धरली. दुपारपर्यंत छत झालं. ज्यांची वर्षभर बोलचाल नव्हती असे दोघे भाऊ एकाच भट्टीत डोकं घालून काजळी खरवडत होते आणि एकमेकांना शिव्या देत होते, म्हणजे समेट झाला होता. बायकांनी खसखस आणि आलुबुखारा भरलेले गोड पाव, आमचे 'कोलाचे', परातींनी आणले. संध्याकाळी कुणीतरी अकॉर्डियन काढलं आणि ताज्या रंगाच्या वासात आम्ही पोल्का नाचलो. वोंड्राबाईंना मी त्या दिवशी पहिल्यांदा हसताना पाहिलं. झेलेन्कांनी त्यांना दोनदा नाचायला नेलं. इतका सुंदर शनिवार मला पुन्हा लाभला नाही.

"शाळा कशी ठणठणीत आहे," जाताना झेलेन्का म्हणाले. "नवी हवी कशाला?"

तेव्हा कुठं मला मंगळवार आठवला.

मंगळवारी ठराव दणकून आपटला. 'होय' एकतीस, 'नाही' एकशे चार. बाईंनी निकालाचा कागद नीट घडी करून टेबलाच्या खणात ठेवला.

"बाई, चूक माझी," मी म्हणालो.

"असू दे रे. भट्टी चांगली चालतेय," त्या हळूच म्हणाल्या. "आणि एकतीस तर एकतीस. त्यात आपली दोन तरी आहेत."

मी मान डोलावली. बाई जाऊन आता बरीच वर्षं झाली, म्हणून सांगतो. त्यात आपलं एकच होतं. माझं एकशे चारांत होतं.