संत्रागोळ्यांची शिरगणती

मोमिनपुऱ्यातल्या चौदा घरांच्या एका गल्लीने बळीराम मास्तरांना तीन दिवस नुसतं ताटकळत ठेवलं होतं. साल एक्याऐंशी, महिना फेब्रुवारी, काखेत शिरगणतीचे फॉर्म आणि समोर प्रत्येक दाराला तरटाचा पडदा. आतून हातमागाची खटखट ऐकू यायची, बांगड्या वाजायच्या, पण परपुरुषाशी बोलायला कोणी पुढे येत नसे. मोठ्यांची नावं मास्तरांनी शुक्रवारच्या नमाजानंतर पुरुषांकडून लिहून घेतली होती. मुलांचं विचारलं की मात्र पुरुष घाईघाईने म्हणत, "बच्चे? वो घर पे पूछो." मास्तरांना त्याचं नवल वाटलं नाही. स्वतःच्या धाकट्या पोरांची जन्मसालं त्यांनाही तुळसाबाईंना, म्हणजे बायकोला, विचारावी लागत.

मास्तर जातीने कोष्टी, म्हणजे विणकरच, राहायला जवळच्याच हंसापुरीत. त्यांचे वडील आणि या गल्लीतले याकूब मियाँ यांनी वीस वर्षं एकाच दुकानातून सूत उचललं होतं. त्या नावावर मास्तरांना इथे आजही चहा मिळे, आणि त्या चहाचा त्यांना पगारापेक्षा जास्त अभिमान होता. पण हेडमास्तर देवराव हेच शिरगणतीचे सुपरवायझर. ते नुकतेच नरखेडहून बदलून आले होते आणि कामाला कडक होते. "शनिवारी आकडा नाई आला तर वर रिपोर्ट करीन," असं त्यांनी बजावलं होतं.

तेव्हा मास्तरांनी डोकं चालवलं. इतवारीच्या बाजारातून अर्धा किलो संत्रागोळ्या आणल्या. घरी आणल्या तशा त्या सगळ्यांत उंच फळीवर गेल्या. पोरं खाली माना वर करून उभी राहिली.

"हात लावायचा नाई. सरकारी कामाच्या आहेत."

"एक एक तरी द्या ना लेकराईले," तुळसाबाई म्हणाल्या.

"सरकारी म्हणजे सरकारी," मास्तर म्हणाले आणि पिशवी घेऊन निघाले.

युक्ती सोपी होती. मास्तरांनी बाहेर ओट्यावर बसायचं. घरातल्या प्रत्येक मुलाने पडद्याखालून हात काढायचा. हातावर एक गोळी ठेवायची, कागदावर एक नाव लिहायचं. कोणाचा पडदा हलायला नको, कोणाला लाजायला नको. नावं ओरडून सांगायला याकूब मियाँची दहा वर्षांची शमीम आनंदाने तयार झाली.

पहिल्या घरी सहा हात आले. दुसऱ्या घरी आठ. तिसऱ्या घरापासून तर हात इतक्या झपाट्याने यायला लागले की मास्तरांना मान वर करायची सवड मिळेना. शमीम आतून नावं फेकत होती, "रऊफ! नसीर! फातिमा! छोटा नसीर!" घरातल्या बायकांना वाटलं, मास्तर खाऊ वाटतो आहे. त्याही कौतुकाने गप्प राहिल्या. या चौदाही घरांची मागली दारं एकाच अंगणात उघडतात, हे मास्तरांना ठाऊक होतं. लहानपणी त्याच अंगणात ते विटीदांडू खेळले होते. पण सरकारी कागद हातात आला की माणसाला आपलं बालपण आठवत नाही.

एक गोष्ट तेवढी त्यांच्या लक्षात आली. जवळजवळ प्रत्येक घरातला एक हात निळ्या शाईने माखलेला होता. मास्तर सद्गदित झाले. शिक्षण घरोघर पोचलं होतं! त्यांनी त्या प्रत्येक हातापुढे 'साक्षर' लिहिलं.

संध्याकाळी गोळ्या संपल्या आणि मुलं भरली एकशे एकतीस.

देवरावांनी मागच्या खेपेचा कागद काढला. तेव्हा गल्लीत एकोणपन्नास मुलं होती. "पाहा गुरुजी!" त्यांनी टेबलावर थाप मारली. "मी काय म्हणत होतो? हे लोक असेच वाढून राहिले. दहा वर्षांत अडीच पटीच्या वर! दुनियाभर हेच चाललं आहे म्हणतो मी."

 सुपरवायझर खूश होते, काम वेळेत झालं होतं, आणि त्या समाधानात मास्तरांनी मान डोलावली. आकडा पानठेल्यावर गेला आणि दुसऱ्या दिवशी साऱ्या इतवारीला पाठ झाला.

तिसऱ्या दिवशी याकूब मियाँ शाळेत आले. हातात रेशनकार्ड होतं.

"काहून गा मास्तर, माह्या घरी अकरा लेकरं लिहिले म्हणते तू?"

"गोळ्या अकरा गेल्या ना चाचा."

"माहे तर तीनच आहेत. पण सरकार म्हणते अकरा, तर असतीनच." त्यांनी कार्ड देवरावांपुढे ठेवलं. "बाकी आठ जणांची साखर चढवून द्या साहेब. आन मागे सगळी गल्ली उभी आहे, त्याईचीबी चढवा."

देवरावांनी खिडकीतून पाहिलं. फाटकाशी तेरा माणसं तेरा कार्डं घेऊन शांतपणे उभी होती. देवरावांनी खिडकी लावून घेतली.

याकूब मियाँ मास्तरांकडे वळले तेव्हा त्यांचा आवाज खाली आला होता. "पानवाला मले पाहून हासला गा. म्हणे, मियाँ, गिनती भूल गये क्या? तुह्या बापाच्या संगतीत उमर गेली माही. तू तरी इचारायचं होतं."

मास्तरांना मान वर करवेना. त्या डोलावलेल्या मानेची त्यांना मनापासून लाज वाटली. "चाचा, आत्ता चला," ते म्हणाले. "पुन्हा मोजतो. तुमच्यासमोर."

अंगणात याकूब मियाँनी साधी पद्धत लावली. सगळी पोरं मध्ये उभी केली आणि दारादारातून हाक गेली, "अपने-अपने बच्चे ले जाओ!" पडद्याआडून आया नावं घेऊ लागल्या आणि पोरं आपापल्या दारात शिरू लागली. मास्तर एकेक खूण करत होते, देवराव मागून पाहत होते. चौदाव्या दाराशी आकडा झाला चव्वेचाळीस.

"म्हणजे पाच कमीच झाले," देवराव पुटपुटले.

पण अंगण रिकामं झालं नव्हतं. मधोमध अजून पाच पोरं उभी होती, सगळ्यांत मोठीच्या कडेवर सगळ्यांत धाकटं. कोणत्याच दारातून त्यांना हाक येईना.

"हे कोणाचे?" देवराव गरजले.

मास्तरांनी चष्मा पुसला. मोठीचा उजवा हात निळ्या शाईने माखलेला होता. रोज सकाळी बापाच्या पेनात शाई भरणारा तो हात होता.

"कुसुम?" मास्तर दोन पावलं पुढे आले. "तुमी इथं रोज येता?"

"शमीम माही मैत्रीण आहे बाबा," कुसुम म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. "तुमी घरी एकबी गोळी नाई देली ना."

 मग याकूब मियाँनी धाकट्याला कडेवर घेतलं. "मास्तर, तुले एकंदर किती?"

"सात," मास्तर म्हणाले. "दोन घरी आहेत."

"माशाअल्ला!" याकूब मियाँ म्हणाले, आणि पडद्यांमागे इतकं हसू उसळलं की देवरावांनाही कागदाआड तोंड लपवावं लागलं. मग याकूब मियाँनी शमीमला चहा सांगायला पाठवलं. मास्तरांनी तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायला.

घरी आल्याबरोबर त्यांनी तुळसाबाईंना विचारलं, "आपल्याकडे मोजणारा आला होता?"

"आला होता ना, आनंदराव मास्तर. मी म्हटलं, लेकरं मोजू नाई, नजर लागते. दिसतात तेवढी लिहा."

"मग?"

"दोघं झोपले होते. दोन लिहिली त्यानं."

दुसऱ्या दिवशी दुरुस्तीच्या फेरीत आनंदराव पुन्हा दाराशी आले. मास्तरांनी त्यांना बसवलं, पाणी दिलं, आणि खाली पाहत म्हणाले, "आमच्या घरात पाच मुलं वाढवा."

आनंदरावांनी कागद पाहिला, तारीख पाहिली, मग मास्तरांकडे पाहिलं.

"बापा! एका आठवड्यात पाच?" ते म्हणाले. "आन लोक मोमिनपुऱ्याले नावं ठेवून राहिले!"