देव्हाऱ्यातला घोडेस्वार

हरवलेली वस्तू माशाच्या पोटातून परत येते, ही कथा आपल्याकडे अनेक रूपांनी सांगितली जाते. कुठे अंगठी निघते, कुठे नथ. वस्तूची ओळख पटते आणि बहुधा दुरावलेले जोडपे एकत्र येते. सेलूच्या पाठात मात्र मासा तळलेला आहे, आणि जोडप्याचे भवितव्य तितकेसे निश्चित नाही.

सेलूचे निवृत्त हेडक्लार्क भगवानराव श्रावणी सोमवारी गोदावरीच्या स्नानाला म्हणून गंगाखेडला निघाले आणि येलदरी धरणावर तळलेला मरळ मासा खाऊन आले. (दोन्हीकडे पाणी आहे, एवढे त्यांच्या बाजूने म्हणता येईल.) तिथल्या टपरीच्या बाकाखाली त्यांच्या पायाला एक हिरवट, झिजलेले नाणे लागले. ते त्यांनी तशाच खरकट्या बोटांनी उचलून खिशात टाकले. घरी पत्नीला, राजेश्रीबाईंना, मात्र सांगितले, "गंगेत अर्घ्य देताना ओंजळीत आलं!"

राजेश्रीबाईंनी ते उजेडात धरले. घोडा दिसला, भाला दिसला. "आवो, खंडोबा हाय हा! कुलदैवत चालत घरी आलं." हळद-कुंकू वाहून नाणे देव्हाऱ्यात बसले. त्या चिंच घेऊन घासायला निघाल्या, तेव्हा भगवानरावांनी अधिकारवाणीने बजावले, "जुनं नाणं घासत नसतेत. किंमत जाती." संग्रहालयातल्या काचेखाली स्वतःच्या नावाची पट्टी त्यांना दिसू लागली होती.

त्या पट्टीसाठीच त्यांनी राजेश्रीबाईंच्या भाचीला, इतिहास शिकवणाऱ्या मधुवंतीला, परभणीहून बोलावले. तिने भिंग लावले.

"रोमन आहे, काका! चौथ्या शतकातलं, तांब्याचं. पण मावशी, घोड्यावरचा जिंकत नाहीये, पडायलाय. भाला खालच्या शिपायानं खुपसलाय."

"पडंना का. गंगेतून आलाय त्यो."

"आणि कडेला काटा अडकलाय. माशाचा."

"गंगेत मासे असतेतच की!" भगवानराव घाईने म्हणाले.

राजेश्रीबाईंनी भिंग हिसकावले. काटा नखाने खरवडला, नख नाकाशी नेले.

"मधू, तुझं रोमन असंल. पण हा रवा हाय. अन् हे कुंकू न्हाई, तिखट हाय." मग त्या नवऱ्याकडे वळल्या. "गंगेतले मासे आता रवा लावून पोहायलेत का?"

घोडेस्वाराची अवस्था भगवानरावांना प्रथमच नीट कळली.

"उठा. चिंच घ्या."

"अगं, घासल्यावर किंमत..."

"तुमची गेली, त्याचीबी जाऊ द्या."

"मावशी, नको!" मधुवंती ओरडली, पण भगवानराव केव्हाच मोरीपाशी बसले होते. आधी काटा निघाला, मग घोडा गेला, मग शिपाई. तांब्याची कोरी चकती उरली. ओट्यावरचा मिक्सर डुगडुगत असे. राजेश्रीबाईंनी ती त्याच्या एका पायाखाली सरकवली.