आवाज मधातून आला पाहिजे

भुजंगराव उमरीकरांच्या घरी गेलेल्या माणसाला आधी पाणी मिळत नसे. आधी खुर्ची मिळे. तीही "बसा" म्हणून नव्हे, तर न्हाव्यानं गिऱ्हाईक बसवावं तशी, खांद्याला धरून. मग पंखा बंद होई, हनुवटी जराशी वर करून दिली जाई, आणि समोरच्या दोन स्पीकरांतून कुणा बाईंचा यमन सुरू झाला की भुजंगराव तुमच्या शेजारी उभे राहून विचारत, "सांगा, आवाज कुठून यायलाय?"

या प्रश्नाला उत्तर एकच होतं. "मधातून." म्हणजे मधोमधून. समोर डावीकडे एक डबा, उजवीकडे एक डबा आणि मध्ये कोरी पांढरी भिंत. तिच्यावर कॅलेंडर नाही, देवाची तसबीर नाही, साधा खिळासुद्धा नाही. त्या भिंतीतून बाई गायल्या पाहिजेत, अशी भुजंगरावांची सक्त अपेक्षा होती. तुम्ही "मधातून" म्हणालात की परीक्षा संपली, चहा आला, प्यायलात, निघालात.

बँकेनं माझी पुण्याहून हैदराबादला बदली केली तेव्हा बरकतपुऱ्यात रेड्डीगारूंच्या घरात आम्हाला वरचा मजला मिळाला. तळाला घरमालक रेड्डीगारू, मधल्या मजल्यावर भुजंगराव आणि शकुंतलाकाकू. उमरीकरांचं घराणं निजामाच्या काळापासून इथलं. त्यामुळे भुजंगराव मराठीत सुरू केलेलं वाक्य उर्दूत वळवून तेलुगूत आणून सोडत. पहिल्याच दिवशी जिन्यात भेटले आणि म्हणाले, "काय साहेब, खैरियत? पुण्याचे ना तुम्ही? हौ, बोलण्यावरून वाटायलंच होतं." मी तोवर फक्त "नमस्कार" म्हणालो होतो.

त्यांची सगळी नोकरी सरकारच्या जमीन मोजणी खात्यात झाली. दोन भावांच्या भांडणात मधली रेघ नेमकी कुठून जाते, हे साखळी टाकून ठरवायचं आणि दोघांच्याही शिव्या खायच्या, हा त्यांचा धंदा. निवृत्त झाल्यावर मोजायला जमीन उरली नाही, तेव्हा त्यांनी दिवाणखाना घेतला.

तोवर गाणं ते जुन्या टेपरेकॉर्डरवर ऐकत. पण त्या दिवसांत नारायणगुड्याच्या दुकानांत परदेशी माल काचेमागं दिसू लागला होता, आणि कॉम्प्युटर शिकून अमेरिकेला गेलेला मुलगा सुट्टीवर आला की आईबापांना काहीतरी मोठं घेऊन दिल्याशिवाय परत जात नसे. भुजंगरावांच्या प्रसादनं होम थिएटर घेतलं. पाच छोटे स्पीकर, धडधडणारा एक मोठा खोका आणि या सगळ्यांना हुकूम सोडणारं एक यंत्र. सिनेमातलं हेलिकॉप्टर डोक्यावरून कसं जातं, हे त्यानं सगळ्या घराला बोलावून दाखवलं. रेड्डीगारू खाली वाकलेसुद्धा. भुजंगराव शांतपणे म्हणाले, "कमाल आहे. पण हेलिकॉप्टर घरात कशाला?"

प्रसादचं विमान उडालं आणि इकडे खाटखूट सुरू झाली. मागचे दोन स्पीकर माळ्यावर गेले. "पाठीमागून बोलणारे ऑफिसात फार झाले, साहेब. आता घरात नक्को." मोठ्या खोक्यावर काकूंनी विणलेला रुमाल पडला आणि त्यावर टेलिफोन आला. मधल्या स्पीकरवर तर त्यांचा खास राग. "हा चोर आहे. मधात डबा ठेवून मधातून आवाज काढला, तर त्यात काय कमाल? मधात काहीच नाही आणि आवाज तिथूनच, ह्याला म्हणायचं स्टिरिओ." रिमोटची स्टिरिओची आणि आवाजाची बटणं सोडून बाकी सगळ्यांवर त्यांनी जखमेला लावायची पट्टी चिकटवली. सहा डब्यांचं यंत्र दोन डब्यांवर आलं. अख्खी थाळी मागवून वरण-भात तेवढा खावा, तसा तो प्रकार होता.

"देवानं कान किती दिले? दोन. सहा दिले असते तर सहा डबे लावले असते," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

मग टेप आली, ओळंबा आला. दोन डबे आणि एक खुर्ची अशी नेमक्या अंतरावर मांडली गेली की केर काढायला येणारी यादम्मा खुर्चीला प्रदक्षिणा घालून केर काढू लागली. खुर्ची बोटभर सरकली तरी भुजंगरावांना कळे. नवल एवढंच की ते स्वतः त्या खुर्चीत कधीच बसत नसत. मला वाटे, हीही हैदराबादी तहजीबच असणार, पहले आप. रस्त्यानं चालतानासुद्धा ते धडपडत माझ्या उजव्या हाताला येत, मग त्या बाजूनं बस येवो की रिक्षा.

खुर्चीत रोज संध्याकाळी बसावं लागे ते शकुंतलाकाकूंना. काकूंना गाण्यातलं ओ की ठो कळत नसे, आणि त्या तसं सांगतही. मांडीवर मेथीची जुडी घेऊन बसत आणि निवडता निवडता उत्तरं देत. आमच्या जमिनीतून सगळं वर ऐकू येई.

"आता?"

"उजवीकडं गेला."

"आता?"

"नाही."

"बघ की जरा नीट. आता?"

"नाही म्हणलं ना एकदा!"

मला काकूंची दया येई. माझ्या बायकोनं तर बजावून ठेवलं होतं, असलं यंत्र घरात आलं तर मी माहेरी जाईन.

एका पावसाळ्यात काकूंना ताप आला. दवाखान्यात नेलं, आणि त्या परत आल्याच नाहीत. प्रसाद आला, तेराव्यापर्यंत थांबला, "आता तुम्ही चला माझ्याबरोबर" म्हणाला. भुजंगराव म्हणाले, "तिकडं भिंती लाकडाच्या असतात म्हणे. आवाज बिघडतो." बापाला समजावणं त्यालाही कधी जमलं नव्हतं. तो गेला.

त्यानंतर भुजंगराव माणसं ओढून न्यायला लागले. मी बँकेतून येताना जिन्यात गाठत. "जरा येता का साहेब? काय की, कमी कमी वाटायलंय." रेड्डीगारू भाड्याचं बोलायला गेले तरी आधी खुर्ची. कोपऱ्यावरचे शिंपी शौकतभाई शिवलेला शर्ट द्यायला आले तरी खुर्ची. आणि उत्तरं ठरलेली. रेड्डीगारू म्हणत, "सरिग्गा मध्यलो." शौकतभाई छातीवर हात ठेवून म्हणत, "बिल्कुल बीच में, साब. लगता है सामने बैठ के गा रहे." एकदा तर गाणं सुरू व्हायच्या आधीच त्यांनी हे सांगून टाकलं.

खरं सांगायचं तर मला तो आवाज डावीकडून कुठूनतरी आल्यासारखा वाटे. पण गाण्यातलं आपल्याला काय कळतं? शिवाय हैदराबादेत यजमानाला तोंडावर "नाही" म्हणायची रीत नाही. लिहाज म्हणतात त्याला, आणि एव्हाना तो मलाही लागला होता. त्यातून ज्या माणसाची बायको नुकती गेली त्याला "नाही" कोण म्हणणार? आम्ही "मधातून" म्हणायचो. भुजंगराव आमच्या तोंडाकडे बघत, "अस्सं?" म्हणत आणि यंत्र बंद करत. चहा मात्र देत.

हिवाळ्यात माझी कमलआत्या पुण्याहून हवापालटासाठी आली. आत्यानं जन्मभर शाळेत गणित शिकवलं आणि कुणाला फुकटचा अर्धा मार्कसुद्धा दिला नाही, सख्ख्या भाच्यालाही नाही. तिला भुजंगरावांकडे नेताना मी जिन्यात शिकवून ठेवलं, "आत्या, ते काय विचारतील त्याला मधातून म्हणायचं."

"का?"

"म्हण गं. इथं तसंच असतं."

रेड्डीगारू आधीच येऊन चहा पीत होते. आत्याला खुर्ची मिळाली, पंखा बंद झाला, यमन सुरू झाला. "सांगा ताई, आवाज कुठून यायलाय?"

आत्यानं डोळे मिटले. पेपर तपासताना लावायची तेवढा वेळ लावला आणि म्हणाली, "डावीकडून."

मी खोकलो. रेड्डीगारूंचा कप ओठाजवळच थांबला.

"आत्या, जरा नीट ऐक ना."

"नीटच ऐकतेय. ह्यांचा उजवा स्पीकर बंद आहे. अक्षर बोलत नाहीये तो."

भुजंगराव उजव्या डब्यापाशी गेले, वाकले आणि ताप बघावा तसा त्याच्यावर तळवा ठेवला. बराच वेळ ठेवला. मग कपाटामागं हात घालून त्यांनी एक वायर ओढली. तिचं टोक मोकळंच होतं. ते टोक हातात धरून ते खाली फरशीवर बसले.

"तेराव्याला पंगत मांडायला कपाट सरकवलं होतं," ते म्हणाले. "तेव्हाच निघाली असणार."

मला राहवलं नाही. "पण भुजंगराव, तुम्हाला कसं कळलं नाही?"

"मला कसं कळणार साहेब? उजवा कान गेलाय माझा. तरुणपणी मोजणीला फिरताना ताप भरला होता, त्यात गेला. एक डबा वाजू द्या की दोन, मला सगळं एकाच बाजूनं. प्रसादला सुद्धा माहीत नाही. हिला तेवढं माहीत होतं." त्यांनी वायरचं टोक पुसलं. "ती म्हणली मधात, की मी समजायचो मधात. मग मलाही बाई भिंतीत दिसायच्या. ती गेल्यापासून काहीतरी कमी वाटायलं होतं. पण तुम्ही सगळे म्हणायले, मधातून. म्हणलं, माझंच मन असेल. ती गेल्यापासून मला कोणी नाही म्हणलंच नाही हो."

रेड्डीगारूंना मराठी फारसं येत नव्हतं, पण त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला. इतकी वर्षं ज्यांची मला दया येत होती, त्या काकू रोज संध्याकाळी नवऱ्याचा दुसरा कान होऊन बसत होत्या.

आत्यानं कुणाचंही सांत्वन केलं नाही. "उठा," ती म्हणाली. "वायर लावा. मी बसलेय."

वायर लागली. भुजंगरावांनी डबा बोटभर सरकवला. "आता?"

"नाही."

"आता?"

"नाही. जास्त झालं. मागं घ्या."

"आता?"

"अहो, नाही म्हटलं ना!"

प्रत्येक "नाही"ला त्या माणसाचा चेहरा उजळत होता. शेवटी आत्या म्हणाली, "हं, आता भिंतीतून येतोय. गातात बरं बाई." भुजंगरावांनी खिशातून लाल पेन्सिल काढली आणि दोन्ही डब्यांभोवती फरशीवर पक्की निशाणी मारली.

आत्या पुण्याला परत गेली. पण भुजंगरावांना "नाही" आवडतं, ही बातमी तोवर कोपऱ्यापर्यंत पोहोचली होती, आणि लिहाज काही कुठं गेला नव्हता. शौकतभाईंनी पहिल्यांदा हात जोडूनच सांगितलं, "गुस्ताखी माफ साब, थोड़ा लेफ्ट को है." भीतीनं त्यांना घाम फुटला होता. भुजंगरावांनी त्यांना मिठी मारली. रेड्डीगारू तर आता रोज संध्याकाळी वर येऊन खुर्चीत बसतात आणि डोळे मिटून "लेदु, लेदु" करतात. लेदु म्हणजे नाही. भुजंगराव डबा सरकवतात, विचारतात, लेदु. पुन्हा सरकवतात, लेदु. मधे एकदा चहा होतो, कधी काकूंची आठवण निघते, आणि दिवेलागणीला डबा होता तिथं येतो.

मी पडलो कमलआत्याचा भाचा. एका संध्याकाळी रेड्डीगारू खाली गेल्यावर मी सांगून टाकलं, "भुजंगराव, डबा पहिल्यापासून निशाणीवरच होता. रेड्डीगारू उगाच नाही म्हणतात."

"माहीत आहे की साहेब," भुजंगराव यंत्रावर फडकं टाकत म्हणाले. "निशाणी मीच मारलीय ना."

"मग?"

"पहिले मधात म्हणायचे आणि चहा पिऊन उठायचे. आता तासभर बसतात. बसू द्या."