चष्मेवाल्यांचा सामुराई

पडद्यावरच्या म्हाताऱ्या सामुराईने तोंड उघडलं, चार वाक्यं बोलला आणि गप्प झाला. खाली भाषांतराची अक्षरं आलीच नाहीत. वाचनालयाच्या वरच्या खोलीत बसलेल्या सत्तावीस माणसांनी माना वळवून चष्मेवाल्यांकडे पाहिलं.

चष्मेवाल्यांच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही. तीस वर्षं लोकांच्या नाकावर चष्मे बसवलेला माणूस तो, एवढ्याने कसला डगमगतोय! गेली अठरा वर्षं दुकानात येईल त्याला ते या जपानी सिनेमाचं कौतुक ऐकवत आले होते. डोळ्यांवर तपासणीची जड फ्रेम चढवली, की गिऱ्हाईक बिचारं उठून जाणार कुठे? "काळापांढरा म्हणून नाक मुरडू नका," चष्मेवाले भिंगं बदलता बदलता सांगायचे. "रंग काढून घेतले की माणूस दिसायला लागतो. अहो, वारासुद्धा दिसतो त्यात. हं, आता खालची ओळ वाचा."

आणि गंमत अशी, की चष्मेवाल्यांनी हा सिनेमा पाहिलेलाच नव्हता. म्हणजे तिकीट काढलं होतं, खुर्चीत बसले होते, पहिली वीस मिनिटं मन लावून बघितलीही होती. मग जो डोळा लागला तो दिवे लागल्यावरच उघडला. शेजारी बायको पदराने डोळे पुसत होती, त्यावरून सिनेमा थोर असणार हे त्यांनी ताडलं.

आज मात्र प्रसंग बाका होता. ग्रंथपालबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, "या वेळी पंचवीस माणसं शेवटपर्यंत बसली तर खोली तुमच्या सिनेमा मंडळाची. नाहीतर पुढच्या महिन्यापासून व्यायामाच्या वर्गाला देणार." मंडळ चष्मेवाल्यांनी एकट्याने उभं केलेलं. दुकान आणि घर सोडलं तर आपलं म्हणावं असं त्यांच्याकडे तेवढंच होतं. आणि व्यायामाच्या बाई दाराशीच खुर्ची टाकून माणसं मोजत बसल्या होत्या.

"अक्षरं कुठे गेली?" टेलरकाकांनी विचारलं. हे दुकानाचे जुने गिऱ्हाईक आणि जन्माचे शंकेखोर.

प्रोजेक्टरपाशी बायको रिमोट घेऊन बसली होती. ती बटणं दाबून बघत होती. मागच्या रांगेतले तिघं उठले. सत्तावीसातून तीन गेले की काय उरतं, हे चष्मेवाल्यांना आणि व्यायामाच्या बाईंना एकदमच कळलं.

"बसा, बसा." चष्मेवाले तडक पडद्याशेजारी जाऊन उभे राहिले. "अक्षरं मीच बंद ठेवलीत. वाचत बसलं की बघायचं राहून जातं. मी सांगतो ना."

"तुम्हाला जपानी येतं?"

"सिनेमा पाठ आहे."

तिघं बसले.

पहिली वीस मिनिटं झकास गेली. सामुराई एका घराच्या बंद दारासमोर येऊन बसतो, हातात कापडात गुंडाळलेलं काहीतरी लांब आहे, वारा सुटलाय. हे सगळं चष्मेवाल्यांनी हजारदा सांगितलेलं. एकविसाव्या मिनिटाला दार उघडलं आणि एक म्हातारी बाहेर आली. हिला चष्मेवाले जन्मात पहिल्यांदा बघत होते.

"ही कोण?" टेलरकाका.

"मावशी," चष्मेवाले म्हणाले. "सख्खी. लहानपणी हिनेच सांभाळलं त्याला."

"मग आत का घेत नाही?"

"रागावलीय. पंधरा वर्षांत साधं पत्र पाठवलं नाही पठ्ठ्याने."

"बरोबर आहे तिचं," बायकांच्या रांगेतून आवाज आला.

"आणि त्या कापडात काय?"

"खानदानी तलवार."

"कमरेला एक आहे की."

"ती रोजच्या वापराची."

मग गालावर व्रण असलेला एक माणूस आला. मावशीच्या घरावर याचा डोळा आहे आणि हा शेवटपर्यंत छळणार, असं चष्मेवाल्यांनी ठोकून दिलं. तो आणि सामुराई उंच गवतात समोरासमोर उभे राहिले. कुणी हलेना. नुसतं गवत हलत होतं. टेलरकाका शंका काढायचे विसरले. एकच वार झाला आणि व्रणवाला कोसळला.

"मेला की हो."

"सोंग करतोय."

पुढच्याच दृश्यात चार माणसांनी त्याला खड्ड्यात ठेवून वर माती लोटली.

"पुरला त्याला."

"सोंग अंगाशी आलं," चष्मेवाले शांतपणे म्हणाले. खोलीने माना डोलावल्या.

शेवटी पाऊस सुरू झाला आणि सामुराईने कापड सोडलं. आत तलवार नव्हती. जुनी, फाटकी छत्री होती. म्हातारीने तिच्या दांड्यावर बांधलेली दोऱ्याची गाठ बोटाने चाचपली आणि मटकन खाली बसली. सामुराई तिच्यावर छत्री धरून भिजत उभा राहिला.

"छत्री कोणाची?" टेलरकाका हळूच म्हणाले.

चष्मेवाल्यांना थाप सुचेना, आणि मारावीशीही वाटेना. "आता बोलू नका," ते म्हणाले. "बघा."

दिवे लागले तेव्हा सत्तावीसच्या सत्तावीस जागेवर होते. व्यायामाच्या बाई डोळे पुसत होत्या. खोली मंडळाची झाली.

घरी जाताना बायको म्हणाली, "बटण मला पाच मिनिटांतच सापडलं होतं."

"मग दाबलं का नाहीस?"

"तुम्ही झोपेत कुठला सिनेमा पाहिलात, ते अठरा वर्षांपासून ऐकायचं होतं मला."

संध्याकाळी तिने त्यांना समोर बसवून अक्षरांसकट सगळा सिनेमा दाखवला. म्हातारी कुणाची मावशी नव्हती. लढाईत सामुराईच्या हातून तिचा मुलगा मेला होता, आणि मरताना 'आईची छत्री तेवढी परत दे' एवढंच म्हणाला होता. ते सांगायचं धाडस होईना म्हणून सामुराई दाराशी बसून होता. व्रणवाला तर त्या मुलाचा जिवलग मित्र. चष्मेवाल्यांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसला. असं करणाऱ्या गिऱ्हाइकांना ते एरवी फैलावर घेत.

"एवढं होतं यात?" ते म्हणाले.

"होतं. तुम्ही घोरत होतात."

त्यांना स्वतःची लाज वाटली. पुढच्या महिन्यात त्यांनी तोच सिनेमा लावला. साठ माणसं आली, काही भिंतीला टेकून उभी राहिली. "मागच्या वेळी मी थापा मारल्या," चष्मेवाल्यांनी मनापासून सांगितलं. "मी हा सिनेमा पाहिलेलाच नव्हता. आज खरा बघा." लोक कौतुकाने हसले. एवढा जाणकार माणूस, पण गर्व म्हणून नाही, असं कुणीतरी म्हणालंही.

एकविसाव्या मिनिटाला दार उघडलं, म्हातारी आली, खाली अक्षरं उमटली. खोलीत कुजबुज सुरू झाली आणि वाढतच गेली. शेवटी टेलरकाका उठून उभे राहिले.

"चष्मेवाले, ती अक्षरं बंद करा आणि तुम्हीच सांगा बघू. हा लिहिणारा सख्ख्या मावशीला परकी बाई म्हणतोय. यानेच सिनेमा पाहिलेला दिसत नाही."